काय काय काढलं ते सांगा

"नवरा न्हाई तुला. पिशवी न्हाई. मग हार्मोन कुणासाठी पायजे गं?"

डॉक्टर हे बोलला तेव्हा केबिनचं दार उघडं होतं. ते दार कधीच लावत न्हाईत. बाहेर बाकड्यावर बाया बसलेल्या, त्यातल्या दोघी आमच्याच ऊसतोडीच्या टोळीतल्या. दारात कंपाउंडर उभा होता, तो पहिल्यांदा हसला. मग बाकड्यावर कुणीतरी पदरात तोंड घालून खुसखुसलं. आन् मग मी बी हसले.

ते माझं हसू मला अजून जाळतं. त्याचं बोलणं एक वेळ विसरेन, माझं हसू न्हाई विसरत. मोठ्या माणसानं थट्टा केली की गरिबानं हसायचं, हे आमाला कुणी शिकवावं लागत न्हाई. आईच्या दुधातूनच येतं ते. 

मी काय मागायला गेलते? फुकटचं औषध न्हाई, उपकार न्हाई. एक सवाल घेऊन गेलते. ह्याच माणसानं काही वर्षांमागं माझं पोट उघडून गर्भाची पिशवी काढलती. मला एवढंच विचारायचं होतं, की साहेब, तुमी माझ्यातून काय काय काढलं? नुसती पिशवी, का अजून काही? बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनं मला हे विचारून यायला सांगितलतं. त्यांना माझ्या हार्मोनच्या गोळ्या चालू करायच्या होत्या.

तो म्हणाला, "सगळं साफ केलं. मिटली का न्हाई कटकट तुझी?" आन् मग ते नवऱ्याचं बोलला.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत आले. इथं न्हाई करणार. तालुक्याच्या गावी त्याचा दोन मजली दवाखाना हाय. घरची जमीन बागाईत, बाप राजकारणात, चुलता राजकारणात. टोळ्या जमवणारे मुकादम लोक त्याच्या पाया पडतात, कारण दर साली दसऱ्याच्या आधी बाया त्याच्याकडंच आणायच्या असतात. त्याच्यासमोर उभं राहिलं की आमची मान आपोआप खाली जाते. त्या दिवशी बी गेली. पदर सावरला, चपला हातात घेतल्या, पायात घालायचं सुधरलं न्हाई, आन् रस्त्यावर आले.

आमचं गाव नांदूरघाटापासून आत हाय. दिवाळी झाली की अर्धं गाव दाराला कुलूप लावून उसाला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई आडवी पडली की कोयता मोडला, मग मुकादम खाडा लावतो, त्या दिवसाची मजुरी कापतो. पाळी आली, खाडा. पोट दुखलं, खाडा. डोक्यावर मोळी, गाडीच्या शिडीवर पाय, आन् खालून वाहतंय. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. कापड वाळत टाकायला बी जागा न्हाई, ओलंच परत लावायचं. मग खाज, मग पांढरं जाणं, मग ताप. ह्याला आमी दुखणं म्हणतच न्हाई. बाईचं असतंच तसलं, म्हणायचं आन् कोयता उचलायचा.

म्हणून आमच्याकडं बाया टोळीला जायच्या आधी पिशवी काढून घेतात. शेरातल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. आमाला कसला धक्का? दाढ दुखती तर दाढ काढतात, तसंच. लेकरं झाली ना? मग पिशवी ठेवून काय तिची पूजा करायची? असंच बोलतात बाया एकमेकींत. मी बी बोलले असेन.

मी पंचविशीची बी न्हवते. पांढरं लई जायचं, कंबर धरायची. डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवली. म्हणाला, पिशवीला सूज हाय, ठेवली तर कॅन्सर होईल, दिवाळीच्या आत करून घे. कॅन्सर म्हणलं की पुढं कुणी बोलतं का? नवऱ्यानं मान हलवली. रक्त तपासायला घेतलं. आन् त्या रक्तात एचआयव्ही निघाला.

डॉक्टरनं मला सांगितलंच न्हाई. नवऱ्याला हॉलमध्ये बोलावलं आन् सगळ्या लोकांत म्हणाला, "बायकोला विचार कुठून आणला." माझा नवरा लग्नाआधी चार वर्षं ट्रकवर क्लीनर होता. कुठून आणला ते त्याला ठाऊक होतं.  मीच आणला असं लोकांनी धरून घेतलं, आन् त्यानं धरू दिलं.

मग माझा नंबर सगळ्यात शेवटी लावला. सकाळपासून पाण्याचा थेंब न्हाई तोंडात. नर्स माझं नाव घेईना, "ती पेशंट" म्हणायची. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले, तर खिडकीतून धूर येत होता. माझ्या अंगाखालची चादर दवाखान्याच्या मागं जाळत होते. मला वाटलं, मेलेल्या माणसाचं अंथरूण जाळतात. मी तर जिती हाय.

टाके निघाले. बीडला जाऊन एआरटीच्या गोळ्या चालू झाल्या, एचआयव्हीच्या. रोज एक, जन्मभर. आन् त्याच साली आमी उसाला गेलो.

तिथं ती गरमी सुरू झाली.

बेंबीपासून उठायची. छातीतून वर मानेला, मग कानशिलं तापायची, डोळ्यांतून वाफ निघतीय असं व्हायचं. बाकीच्यांनी थंडीनं घोंगडी पांघरलेली आन् माझ्या अंगातून घाम निथळतोय. मग एकदम हुडहुडी. दिवसातून कितीदा तरी. झोप गेली. हाडं कुरकुरायला लागली. कुणी नुसतं हाक मारली तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. एकदा पोरीला भाकरीच्या उलथन्यानं मारलं, कशासाठी ते मला आजपर्यंत कळलं न्हाई.

टोळीतल्या अजून बायांना बी व्हायची गरमी. आमी एकमेकींच्या पाठीवर ओला टॉवेल टाकायचो, टाळूवर एरंडेल थापायचो, धण्याचं पाणी प्यायचो. कुणी म्हणायचं उसाची गरमी हाय, कुणी म्हणायचं टाक्यांची. पण माझ्याकडं अजून एक गोष्ट होती जी बाकीच्यांकडं न्हवती. गोळी. सासू म्हणाली, "इंग्रजी औषध उष्ण असतं. रोज खाल्ल्यावर अंग जळंल न्हाई तर काय?" मला पटलं. कावून न्हाई पटणार? पिशवी गेली तशी पाळी गेली, कटकट गेली. पिशवीवर आळ कसा येईल? ती तर बाहेर पडलती. अंगात नवीन काय आलं, तर गोळी.

मी गोळी सोडली. बाटली पिठाच्या डब्यात खाली खुपसून ठेवली, आन् दिवस काढायला लागले.

गरमी काही कमी झाली न्हाई. तरी मी गोळी परत धरली न्हाई, कारण वाटायचं मुरलेली गरमी हाय, निघायला टाइम लागणार. गावाकडं आल्यावर बीडला जायची, तिथल्या बाईनं दम दिला की चालू करायची, आन् फडात गेले की परत बंद. ऊस तोडायचा तर अंगात आग नको, एवढंच डोक्यात. अशी वर्षं गेली. नवऱ्यानं तर गोळ्या कधी धरल्याच न्हाईत. दारू धरली. तो गेला तेव्हा मी रडले, खोटं कशाला बोलू. पण आता माझ्यासमोर कुणी त्याचं कौतुक केलं की राग येतो.

मग दोन हंगामांमागं खोकला लागला. पाठीला चिकटलेलं पोट, मांड्या पोरीच्या हातासारख्या. एका दुपारी मोळी घेऊन शिडीवर चढले आन् खाली आले, मोळीसकट. मुकादमानं मला गाडीतल्या, जनावराला न्यायच्या वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या ढिगावर टाकून स्टँडपर्यंत पोचवलं. मी त्या हिरव्या पाल्यात पडून आभाळ बघत होते आन् एकच म्हणत होते, माझ्या पोरीची बारावी होईस्तोवर तरी. देवाला न्हाई म्हणत होते. कुणाला तेच कळत न्हवतं.

बीडला गेले तर टीबी निघाला. सीडीफोर, म्हणजे अंगातली ताकद मोजतात ते, पार तळाला गेलेलं. एआरटीच्या खोलीत नवीन मॅडम आलत्या, माझ्याहून बारक्या असतील वयानं. त्यांनी विचारलं, गोळ्या का सोडल्या. मी म्हणलं, गरमी होती. मला वाटलं आता वरडतील. आजपर्यंत सगळे वरडलेच होते. पण मॅडमनं विचारलं, "कशी गरमी?"

कशी गरमी, हे मला कुणीच विचारलं न्हवतं. मी सांगितलं, बेंबीपासून कानापर्यंत. त्यांनी ऑपरेशनचं विचारलं, कुठल्या साली, किती वय होतं. मी सांगत गेले तशा त्या लिहून घेत गेल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "ही गरमी गोळ्यांची नाही."

मग त्यांनी समजावलं. पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं असतात. बाईच्या अंगातलं हार्मोन तिथं तयार होतं. हाडं, झोप, मन, सगळं त्याच्यावर असतं. पन्नाशीच्या आसपास त्यांचं काम आपोआप थांबतं, तेव्हा बायांना अशी गरमी होते. पण कुणी तरणेपणीच ती कापून काढली, तर त्या बाईचं अंग एका दिवसात म्हातारं होतं. पिशवी काढताना तुमची अंडाशयं बी काढली असावीत, असा त्यांचा अंदाज होता.

मी ऐकत बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ना, तसं केलतं मी. जी गोळी मला जगवत होती तिलाच चोर ठरवून पिठात पुरलं. आन् चोर? चोर तर पोट शिवून, हात धुवून, दसऱ्याला सोनं वाटत हिंडत होता.

मॅडम म्हणाल्या, टीबीचं औषध आधी पूर्ण करू, कारण ते औषध अंगातलं हार्मोन टिकू देत न्हाई. त्यानंतर हार्मोनच्या गोळ्या चालू करू. मी लई भीतभीत विचारलं, "त्यानं माझी ताकद अजून खाली जाईल का? एचआयव्ही वाढंल का?"

"मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "हार्मोनचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, एवढं कळलंय. पण एचआयव्ही असताना, इतक्या लहान वयात अंडाशयं काढलेल्या बाईच्या अंगात नेमकं काय होतं, ते नीट कुणाला माहीत नाही. तुमच्यासारख्या बायकांना कुणी विचारलेलंच नाही."

डॉक्टर असून माहीत न्हाई म्हणाल्या. मी आडाणी बाई, पण मला त्या शब्दाचा आधार वाटला. त्या म्हणाल्या, एवढं पक्कं की हाडं वाचतील, झोप लागेल, आन् तुमच्या एआरटीच्या गोळीशी ह्या गोळीचं भांडण न्हाई. रक्त तपासत राहू, खाली जातंय असं दिसलं तर थांबवू. फक्त ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला विचारून या, काय काय काढलं ते.

म्हणून मी गेलते त्या उघड्या दाराच्या केबिनमध्ये. आन् तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

त्यानं नीट न सांगितल्यानं काही अडलं न्हाई. मॅडमनं रक्त तपासून, मशीनवर बघून ताडलं. टीबी बरा झाला, गोळ्या चालू झाल्या. आन् बया बया, काय सांगू. थोड्याच दिवसांत मी झोपले. नुसती झोपले. सकाळी पोरीनं हलवून उठवलं, तिला वाटलं आई मेली का काय. गरमी उठायची राहिली. मला एआरटीच्या गोळीची भीती वाटेनाशी झाली. भाकर खावी तशी रोज खाल्ली. अंगावर मांस आलं, केस गळायचे थांबले. सहा महिन्यांनी सीडीफोर केलं तर वर आलतं. मी मॅडमला म्हणलं, हार्मोननं वाढलं का हे? त्या म्हणाल्या, थोडंफार त्याचं असेल, मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मोठं कारण हे की तुम्ही गोळी रोज घेताय. आग विझली म्हणून घेताय.

पण गावाला माझं बरं होणं सोसलं न्हाई.

तो कंपाउंडर आमच्याच शिवारातला. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. त्यानं आधी पारावर सांगितलं, पारावरनं ते नळावर आलं, की फलाण्याची विधवा जवान व्हायच्या गोळ्या मागत होती. आधी मी वाळलेली होते तोवर सगळ्यांना माझी दया यायची. ताक द्यायचे, लांबून. आता गालावर रंग दिसला तशी दया आटली. माझी धाकटी जाऊ, तिला मी माझ्या हातानं हळद लावलेली, ती नळावर सगळ्यांत म्हणाली, "अक्का, लई तेज आलंय तोंडावर. कोण हाय?" बाया हसल्या. ह्या वेळी मी हसले न्हाई. घागर अर्धीच भरून आले.

सासूनं तर माझ्या भाकरीच्या ताटाला पाय लावला. म्हणाली, "रांडमुंड बाई सुकलेलीच शोभती. तिच्या सुकण्यात घराची इज्जत असती."

मी जीव तोडून सांगायला गेले, की आत्याबाई, औषध हाय ते, हाडांसाठी हाय. पण एवढं बोलायचं तर अंडाशय म्हणावं लागतं, ऑपरेशन म्हणावं लागतं, एचआयव्ही म्हणावं लागतं. तो शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला न्हवता. सगळ्यांना ठाऊक होता, पण उच्चारत कुणी न्हवतं. नवरा मेला तो "तापानं" मेला. मी खाते ती "रक्ताची गोळी". मी तोंड मिटलं.

आन् हार्मोनची गोळी बंद केली. पोरीच्या लग्नाचं बघायचं पुढं, आईच्या नावानं असलं काही नको. एवढा हिशोब केला मी, मूर्ख बाई.

आठवड्यात आग परत आली. तीच, बेंबीपासून. ह्या वेळी मला सगळं माहीत होतं, ही आग कशाची हाय ते. तरी एका संध्याकाळी एआरटीची गोळी तळहातावर घेतली आन् हात थांबला. मन म्हणालं, हीच तर गरम न्हाई ना? डोकं न्हाई म्हणत होतं आन् हात ऐकत न्हवता. मी गोठ्याच्या मागं जाऊन बसले, तोंडात पदर कोंबला आन् रडले. वाटलं, दोन्ही बाटल्या उकिरड्यात टाकाव्या. सुकून जावं, सासूला पायजे तसं. पोरीची बारावी झालती. देवाला न सांगता मागितलेली मुदत संपलीच होती. मला जगायला कोण सांगत होतं? कुणीच न्हाई. त्या संध्याकाळी मी गोळी खाल्ली, पण कशी खाल्ली ते माझं मला ठाऊक.

दसऱ्याच्या आधी गावात शिबिर आलं. मारुतीच्या सभामंडपात. हात जोडलेला त्याच डॉक्टरचा फोटो, त्याच्या बापाचा फोटो, मोफत महिला आरोग्य तपासणी. मुकादम बायांना घरोघरनं हाकारून आणत होता. सासूला गुडघ्यांचं दाखवायचं होतं म्हणून मी तिला धरून नेलं. कोपऱ्यात बसवलं आन् तिच्या शेजारी बसले.

रांगेत पुढं माझी तीच धाकटी जाऊ होती. तेवीस-चोवीसची असेल, दोन लेकरं. कंबर दुखती म्हणाली. डॉक्टरनं पोट चेपलं, मशीन फिरवली. आन् म्हणाला, पिशवीला सूज हाय, ठेवली तर कॅन्सर होईल, दिवाळीच्या आत करून घे.

एक शब्द बदलला न्हवता. इतक्या वर्षांत त्याला नवीन वाक्य बी करावं लागलं न्हवतं आमच्यासाठी.

माझ्या छातीतून ती आग उठली. हार्मोनची होती का दुसरी कुठली, मला न्हाई ठाऊक. मी उभी राहिले. सासूनं लुगडं धरून ओढलं तरी उभी राहिले.

"साहेब, हिच्यातून काय काय काढणार?"

त्यानं मान वर केली. वळखलं मला. "अरे, हार्मोनवाली का?" म्हणाला. कंपाउंडर हसला, मुकादम हसला. मी त्याच्याकडं बघत राहिले. माझ्या तोंडावर हसू आलं न्हाई.

"माझ्यातून काय काय काढलं ते आधी सांगा."

मुकादम धावत आला, दंडाला धरलं. कंपाउंडरला म्हणाला, "येडी झाली का काय बे ही, बाहेर काढ." डॉक्टरनं हात वर करून त्याला थांबवलं. मग सगळ्या बायांकडं बघत, लई शांतपणे, मला म्हणाला, "तुला काय रोग हाय, सांगू का सगळ्यांना?"

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. हीच ती भीती, जिच्यासाठी मी इतकी वर्षं खाली बघून चालले. मेल्या नवऱ्याचा गुन्हा डोक्यावर घेतला, जावेचं ऐकलं, सासूचं ऐकलं, चांगली गोळी बंद करून बसले, त्या एका शब्दापायी. तो शब्द त्याच्या हातात होता आन् तो मजेत खेळवत होता.   पण मला एकदम कळलं, शब्द माझा हाय. रोग माझा, रक्त माझं. त्याच्या हातात कावून ठेवू?

"मीच सांगते," मी म्हणलं. "एचआयव्ही हाय मला. नवऱ्याकडून आला. तुमी माझं पोट फाडलं तेव्हा बी होता, आन् तुमाला माहीत होता. आता सांगा काय काय काढलं."

त्याचं तोंड लाल झालं. असं कुणी विचारलं न्हवतं त्याला, ते बी मारुतीसमोर, ते बी आमच्यासारखीनं. त्याचा तोल गेला.

"सगळं काढलं! तुझ्यासारखीला परत परत कोण हात लावणार? उद्या तिथं गाठ झाली असती तर कुणी टेबलावर घेतलं असतं तुला? उपकार मान माझे."

बस्स. एवढंच होतं. कावून काढलं, ते मी शोधत होते.

तिथं गाठ न्हवती, सडलेलं न्हवतं, काही न्हवतं. त्याला माझी किळस आलती. दुसऱ्यांदा हात लावायला नको, म्हणून त्यानं एकदाच सगळं उपसून घेतलं. त्याच्या किळसेपायी माझी हाडं गेली, झोप गेली. त्याच्या किळसेची आग माझ्या अंगात पेटली आन् मी ती विझवायला माझीच गोळी सोडली. मरायला टेकले. आन् वर उपकार.

मला वाटलं होतं, हे ऐकून बाया उठतील. एक बी उठली न्हाई. खोटं कशाला सांगू. शेजारची बाई माझ्यापासून थोडी सरकली, एवढंच. मुकादमानं मला पायऱ्यांवरून खाली लोटलं, सासू कोपऱ्यातच बसून राहिली तिच्या गुडघ्यांसाठी. आन् माझ्या जावेनं दवाखान्यात यायची तारीख घेतली.

त्या दिवसापासून आमच्या दारात कुणी पाणी पीत न्हाई. सासूनं माझी चूल वेगळी केली. दीर म्हणतो, गाव सोड. पोरीच्या सोयरिकीचं बोलायला कुणी येईना, आन् पोरगी माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी बोलली, पण माझ्याकडं न बघता. हे सगळं मी माझ्या तोंडानं ओढवून घेतलंय, मला मान्य हाय. जड जातंय. कुणी म्हणू नये की बोलल्यावर मोकळं वाटतं. मला न्हाई वाटलं.

पण हार्मोनची गोळी मी परत चालू केली. ओट्यावर बसून खाते, रस्त्याला तोंड करून. आधी एआरटीची, मग ती. सासूनं विचारलं, अजून कुणासाठी खाती गं? मी म्हणलं, "माझ्यासाठी, आत्याबाई." तिला ते उत्तर कळलं न्हाई. तिला आजपर्यंत असं कुणी दिलेलं नसणार.

बीडला जाऊन मॅडमला बी सांगून आले. म्हणलं, आमच्यासारख्यांना कुणी विचारलं न्हाई म्हणता ना, मग विचारा. माझं रक्त घ्या, जेवढं लागंल तेवढं. हार्मोननं ताकद वाढती का घटती, माझ्या अंगावर बघा, आन् जे निघंल ते मला बी सांगा. कुणाच्या अंगातून काय गेलं ते तिला ठाऊक पायजे, आन् कुणाच्या अंगात काय चाललंय ते बी. आमच्या टोळीत गरमी होणाऱ्या बाया लई हायत. त्यांना तुमच्यापर्यंत आणायचं काम माझं.

जावेची तारीख सोमवारची हाय. ती म्हणाली, अक्का, येऊ नको, माझा संसार मोडशील. दिरानं हात उगारला. मी जाणार हाय. त्याच दवाखान्यात, त्याच बाकड्यावर, गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या मांडीवर घेऊन बसणार हाय. जावेला आत नेण्याआधी विचारणार, हिच्यातून काय काय काढणार, कावून काढणार, आन् न काढता बरं होतंय का. तिच्यानंतर जी बसली असंल तिच्यासाठी बी विचारणार. हाकललं तर मंगळवारी परत येणार. बोलावू देत पोलीस.

त्याच्या केबिनचं दार कधीच लावत न्हाईत. सोमवारी मी विचारायला लागले की तो लावायला उठंल. मी उंबऱ्यात बसणार हाय.